मीटरमागे जाणारा हात

हौसाक्काचा पहिला तडाखा मला बसला तेव्हा माझी त्यात काडीचीही चूक नव्हती. बारामतीत एमआयडीसीकडे जाणाऱ्या रस्त्याला मी गाड्यांच्या सीटा शिवायचं दुकान नुकतंच टाकलं होतं. शेजाऱ्यांची ओळखसुद्धा झाली नव्हती. शेजारच्या पत्र्याच्या शेडमध्ये एक जुनी पिकअप उभी होती. दार सताड उघडं आणि सीटच्या पाठीवरून दोन पाय वर आलेले. तळवे छताकडे, बोटांत जोडवी. बाकीची बाई कुठे दिसतच नव्हती. बाईला फीट आली असणार नाहीतर करंट तरी लागला असणार, असं मनात येऊन मी धावत गेलो आणि ते पाय धरून तिला बाहेर ओढायला लागलो.

आत काहीतरी तटातटा तुटलं. मग एक ठेंगणी, सावळी बाई उलट्याची सुलट होत बाहेर आली. लुगड्यावर खाकी शर्ट, आणि एक गाल फुगलेला. तिने गालातून दोन इवलेसे बल्ब काढले, पदराला पुसले, शर्टाच्या खिशात नीट ठेवले आणि मग माझ्या कानाखाली अशी वाजवली की मला समोरचा रस्ता दोनदा दिसला.

"मीटरमागं हात घातलाय माजा, आन् तू तंगड्या वडतोस व्हय रं मुडद्या? सगळी वायर उपाटली की!"

"मला वाटलं, तुम्हाला काही झालं."

"मला काय हुतंय? जा, सीटा शिव आपल्या."

संध्याकाळी तिची मुलगी मंगल चहाचा ग्लास घेऊन आली. "आईनं दिलाय," म्हणाली आणि माझा गाल बघून हसू दाबत पुढे म्हणाली, "हातात पान्हा न्हवता, नशीब समजा." आमच्या शेजाराची सुरुवात ही अशी. पुढे कित्येक वर्षं हौसाक्काने मला नावाने हाक मारली नाही. मी सीटा शिवायचो म्हणून मी 'कुशन'.

हौसाक्का गाड्यांचं वायरिंग करायची. शेड तिच्या नवऱ्याने टाकलेली. पण मीटरचे दिवे, म्हणजे काट्यांच्या मागचे ते बारके बल्ब, बदलायचं काम तो जिवंत होता तेव्हाही हिच्याचकडे होतं. जुन्या पिकअपला मीटर डॅशबोर्डच्या मधोमध असायचं आणि त्याच्या मागे हात शिरायला जागा अशी नसायचीच. बाकीचे वायरमन पुढचे स्क्रू खोलून अख्खं मीटर उपसायचे. त्यात मागची केबल पिरगळायची आणि मग गाडी एका वेगाने चालली तरी काटा नाचत राहायचा. हौसाक्का काही उपसत नसे. सीटवर पाय वर करून, डोकं खाली क्लचच्या दांड्याशी टेकवून ती आडवी व्हायची आणि खालून हात घालायची. "त्यांचा हात म्हंजे फावडं. माजा जातो," एवढंच तिचं स्पष्टीकरण. नवे बल्ब गालात. खिशातून काढायला दुसरा हात मोकळा नसतो म्हणून. त्यामुळे ती कामात असली की तिच्या शिव्या गालातल्या बल्बांना वळसा घालून यायच्या. अस्पष्ट, पण पोचायच्या.

कमरेला तिने एक जुना फॅनबेल्ट, इंजिनाचा पंखा फिरवणारा रबरी पट्टा, गुंडाळलेला असायचा. नव्या माणसाला वाटायचं, बाईची कंबर धरत असेल.

त्या फॅनबेल्टचा प्रसाद एका माळेगावच्या टेम्पोवाल्याला मिळाला तो मी डोळ्यांनी पाहिलाय. या गड्याने खंडोबाचा फोटो डॅशबोर्डवर लावला आणि त्याच्यापुढे दिवा हवा म्हणून मीटरमधला सगळ्यांत लाल दिवा काढून तारा लांबवून देवापुढे आणला. तो दिवा ऑइलचा. इंजिनात ऑइल कमी झालं की पेटणारा. किल्ली फिरवली की तो लागायचा आणि इंजिन सुरू झालं की विझायचा. याला वाटायचं, देव दर्शन देतो आणि विश्रांतीला जातो. एक दिवस भिगवणच्या रस्त्याला चालत्या गाडीत दिवा आपोआप पेटला. याने स्टेअरिंग कोपरांनी धरून हात जोडले, भंडारा उधळला आणि भक्तिभावाने इंजिन जाम होईपर्यंत गाडी हाणली.

हे सगळं त्याने शेडमध्ये येऊन कौतुकाने सांगितलं. "आक्का, देव जागा झाल्ता!"

हौसाक्काने कमरेचा बेल्ट सोडला. टेम्पोभोवती तो पुढे आणि ती मागे. पाठीवर, पोटऱ्यांवर, जिथे लागेल तिथे. "इंजान वरडून सांगतंय आन् तू हात जोडतोस! म्होरं एखादं पोर आलं आस्तं म्हंजे?" रस्त्यावरचे लोक हसत होते. पण तो गडी हसत नव्हता. त्याच्या बनियनवर रक्ताच्या रेघा उमटल्या होत्या. मारून झाल्यावर ती पुन्हा उलटी झाली, लाल दिवा मीटरमध्ये परत बसवला आणि देवाला वेगळी लाइन काढून पांढरा दिवा दिला. त्यापुढे स्वतः हात जोडले. मग टेम्पोवाल्याच्या पाठीला खोबरेल लावलं.

नवरा काविळीने गेल्यावर तिचा दीर शेड विकायला गिऱ्हाईक घेऊन आला, तेव्हाची गोष्ट सगळा रस्ता सांगायचा. एका पिकअपचं बॉनेट उघडं होतं. दीर त्याच्या कडेवर दोन्ही हात टेकून ऐटीत म्हणाला, "वैनी, ही बाईमानसाची कामं न्हाईत." तिने बॉनेटला आधार दिलेली सळई काढून घेतली. गिऱ्हाईक मोटारसायकल तिथेच टाकून पायी पळालं. मग हिनेच दिराची बोटं रॉकेलने धुतली, फडक्यात बांधली आणि रिक्षात घालून त्याला दवाखान्यात नेलं. दवाखाना येईपर्यंत तिच्या शिव्या चालूच होत्या आणि तो बिचारा 'व्हय वैनी, व्हय वैनी' म्हणत होता.

हे सांगताना माणसाला मजा वाटते. मलाही वाटते. पण मी शेजारी होतो, आणि सांगायचंच तर सगळं सांगायला पाहिजे. तिचा हात कारण असतानाच उठायचा असं काही नव्हतं. चहा गार झाला, कुत्रं आडवं आलं, रेडिओ खरखरला, एवढंही पुरायचं. आणि सगळ्यांत जास्त मार खाल्ला तो मंगलने.

मंगलचा हात आईपेक्षाही बारीक. दहावी झाल्यावर ती शेडमध्येच असायची आणि डोळे मिटून मीटरचे दिवे बदलायची. तिला हसण्याची खोड होती. एका दुपारी दूधगाडीचा ड्रायव्हर काहीतरी बोलला आणि ती खळखळून हसली. हौसाक्काने बेल्ट काढला. मी मध्ये पडलो, बेल्ट धरला, तर तळहाताचं सालपट निघालं.

"मधी पडू नगंस, कुशन. पोरगी माजी हाय."

मंगल पळाली नाही, रडलीही नाही. कोपर वाकवून डोक्यावर धरलं आणि आईचं मारून होईपर्यंत तशीच उभी राहिली. पाऊस थांबायची वाट बघत वळचणीला उभं राहावं, तशी. मला त्या उभं राहण्याचं भय वाटलं.

त्याच उन्हाळ्यात तिचं लग्न ठरलं. स्थळ इंदापूर तालुक्यातलं, नरसिंहपूरच्या अलीकडचं. नीरेच्या काठाला बागायत, टोमॅटो, ढोबळी मिरची आणि घरची पिकअप. हौसाक्काला आभाळ ठेंगणं झालं. लग्नाच्या आदल्या दिवशी मंगलच्या कानातल्या चांदीच्या वेलाचा आकडा तुटला. सोनाराकडे जायला सवड कुणाला! हौसाक्काने आपल्या सोल्डरिंगच्या सळईने तो जोडला. चांदीवर करड्या शिशाचा एक ठिपका बसला. "दिसतंय की गं आई," मंगल म्हणाली. "दिसू दे. पर तुटायचं न्हाय," हौसाक्का म्हणाली.

सगळ्या रस्त्याला धाकात ठेवणारी ही बाई जावई आला की ओळखू यायची नाही. बेल्ट खिळ्याला जायचा. हात रॉकेलने, मग साबणाने धुतले जायचे. डोक्यावर पदर, मान खाली, आवाज घशात. त्याच्यासाठी वेगळी कपबशी होती, ती दुसऱ्या कुणाला मिळत नसे. जावई, संपतराव, बाकड्यावर पाय पसरून बसायचे आणि ही पाठ न दाखवता मागे सरकत शेडमध्ये जायची. मला हसू यायचं. एकदा मी चिडवलं तर म्हणाली, "पोरगी दिलीया कुशन. आता मान खालीच ठेवायची." हे तिला कुणी शिकवलं माहीत नाही, पण ते तिने फॅनबेल्टपेक्षाही घट्ट बांधून घेतलं होतं.

लग्नानंतर मंगल दोन दिवाळ्यांना आली. पहिल्या दिवाळीला हसली नाही. दुसऱ्या दिवाळीला तर आमच्या दुकानापर्यंतही आली नाही. पुढच्या दिवाळीला आलीच नाही. "टोमॅटोची तोडणी हाय," असा निरोप आला. हौसाक्का म्हणाली, "कामाचं घर हाय."

त्यानंतर थोड्याच दिवसांनी एका दुपारी संपतराव पिकअप घेऊन आले. मीटरची काच तडकली होती. एका बाजूने ते आत दबलं होतं, दुसऱ्या बाजूने कड उचकटून बोटभर फट पडली होती आणि आतला एकही दिवा लागत नव्हता.

"खड्ड्यात आदाळली," संपतराव म्हणाले. "सांजच्याला माल घिऊन पुन्याला निगायचंय. तेवडं दिवं टाकून द्या."

"मंगल बरी हाय न्हवं?" हौसाक्काने खाली बघत विचारलं.

"बरी हाय की. तिला काय धाड भरलीया."

कपबशीत चहा आला. हौसाक्काने नवे बल्ब गालात धरले आणि ती उलटी झाली. मी त्याच पिकअपच्या सीटचं फाटलेलं कव्हर बघायला दाराशी उभा होतो, म्हणून मला सगळं दिसलं. तिचा हात मीटरमागे गेला. फुटक्या बल्बांचे होल्डर एकेक करून खाली आले. मग हात थांबला. थोडं चाचपून तिने काहीतरी बाहेर काढलं आणि डोळ्यांसमोर धरलं.

चांदीचा वेल होता. आकडा ताणून सरळ झालेला. तुटला नव्हता. त्याच्यावर तो करडा ठिपका होता. वेलाला लांब केस गुंडाळलेले होते, मुळासकट, आणि टोकाला काळं, वाळलेलं रक्त.

मी मीटरकडे बघितलं. मधोमध. ड्रायव्हरने शेजारी बसलेल्या माणसाची मान धरून पुढे आदळली तर कपाळ जिथे लागेल, नेमकं तिथे.

त्याच वेळी तिच्या गालात कचकन आवाज झाला. तिने बल्ब चावला होता. ओठांच्या कोपऱ्यातून रक्ताची धार कानाकडे गेली, कारण ती उलटी होती. मी "आक्का" म्हणालो. तिने डोळ्यांनीच मला गप्प केलं. काच थुंकली. उरलेले बल्ब तोंडातून काढून खाकी शर्टाला पुसले आणि एकेक करून बसवले. सगळे बसवले. कमी पडला त्याच्या जागी डब्यातून नवीन आणला. मी आजवर तिला एवढ्या सावकाश काम करताना पाहिलं नव्हतं.

मग ती बाहेर आली, पदराने तोंड पुसलं, तो पदर डोक्यावर घेतला.

"बसा जावईबापू. लागत्यात का बगा."

संपतराव सीटवर बसले, बटण दाबलं. काच तडकलेली असल्यामुळे नीट दिसेना, म्हणून मीटरकडे वाकले. हौसाक्का दुसऱ्या दाराने आत आली होती. तिने त्यांची मानगूट धरली.

"हितं आपाटली व्हय? का हितं?"

पहिल्या आदळण्याला काच पूर्ण फुटली. दुसऱ्याला नाक. तिसऱ्या वेळी आवाज वेगळाच आला आणि मी पळत जाऊन तिचा हात धरला, तर मलाही एक बसली. संपतराव खाली पडले. तिने खिळ्यावरचा बेल्ट काढला. पुढचं मी लिहीत नाही. टेम्पोवाल्याला मारताना लोक हसले होते. या वेळी चहावाला, टायरवाला सगळे जमले, पण कुणी हसलं नाही. कुणी पुढेही झालं नाही. संपतराव गुडघ्यांवर आले आणि त्यांनी कोपर डोक्यावर धरलं तेव्हा मात्र ती थांबली. त्या कोपराकडे बघत राहिली.

बेल्ट कमरेला गुंडाळून ती म्हणाली, "कुशन, गाडीत बस."

मी संपतरावांच्या कपाळाला फोमचा तुकडा लावून त्यांना टायरवाल्याच्या स्वाधीन केलं आणि बसलो. हौसाक्काला गाडी चालवता यायची, पण शेडच्या आवारापुरती. इंदापूरपर्यंत तिने किती जणांना कडेला घातलं, मी मोजलं नाही. उसाच्या बैलगाड्या, सायकली, एक एसटी. बोलली एकदाच. "जित्ती आसंल न्हवं रं?" मी म्हणालो, "असेल." मला काय माहीत!

उन्हं कलली होती तेव्हा आम्ही पोचलो. घरापुढे टोमॅटोचे क्रेट रचून ठेवलेले होते. तिने हॉर्न दाबला आणि धरून ठेवला. संपतरावांची आई आली, दोन भाऊ आले. मालकाशिवाय गाडी बघून आणि हौसाक्काच्या लुगड्यावरचं रक्त बघून एका भावाने टिकाव उचलला.

"माजी पोरगी आना भाईर."

"लग्नाची बायकू हाय. अशी कशी नेताल?"

हौसाक्काने हॉर्नवरचा हात न काढता गाडी पुढे घातली. क्रेट चिरडले, टोमॅटोचा लाल चिखल काचेवर उडाला, आणि बंपर पडवीच्या खांबाला टेकला. वरून माती गळली. "आजून दाबते," ती म्हणाली. "घर खाली येतंय बगा."

मंगल बाहेर आली. पदर कपाळापर्यंत ओढलेला. आईला बघून तिने काही विचारलं नाही, टिकाव घेतलेल्या दिराजवळून ती सरळ चालत आली आणि आमच्या दोघांच्या मध्ये बसली. पदर सरकला तेव्हा दिसलं, डाव्या कानाची पाळी फाटून दोन झाली होती आणि कपाळावर मीटरच्या कडेचा गोल उमटला होता.

परत निघालो तेव्हा दिवेलागण झाली होती. हौसाक्काने दिवे लावले. मीटर हिरवं उजळलं, फुटक्या काचेमागे सगळे दिवे नीट लागले होते. त्या उजेडात तिघांचीही तोंडं दिसत होती.

"मला सांगितलं का न्हाईस?" हौसाक्काने विचारलं.

मंगल मीटरकडे बघत होती.

"काय सांगायचं?" ती म्हणाली. आवाजात राग नव्हता, खरोखर न कळल्यासारखा होता. "तू बी मारायचीसच की. मला वाटलं, आता त्यांची पाळी."

मीटरच्या दिव्यांना त्या पिकअपमध्ये वेगळं बटण होतं. हौसाक्काने ते बंद केलं. मीटरचे दिवे न लावता गाडी हाकणाऱ्या किती ड्रायव्हरांना तिने फोडून काढलं होतं! बारामती येईपर्यंत ते दिवे तिने लावले नाहीत. अंधारात मला नुसता तिचा नाक ओढल्याचा आवाज येत होता.

पोलीस आले नाहीत. सासूने मारलं हे संपतरावांना कुठे लिहून द्यायचं नव्हतं. गाडी त्यांचा भाऊ येऊन घेऊन गेला. सोडचिठ्ठीला वेळ लागला, पण झाली.

पुढे रस्ता रुंद व्हायचा म्हणून आमच्या शेडा उठायची वेळ आली आणि मी दुकान इंदापूरला हलवलं. सामान टेम्पोत भरत होतो, त्या सकाळचं मला आठवतं. शेडमध्ये एक जुनी पिकअप उभी होती. मीटरमागचं काम आटपून मंगल नुकतीच खाली उतरली होती आणि हातातले जुने बल्ब डब्यात टाकत होती. हौसाक्का बॅटरी घेऊन शेजारी. पिकअपचा ड्रायव्हर, कुठला तरी उर्मट पोरगा, म्हणाला, "ए म्हातारे, पोरीला जरा लवकर हात हलवाय सांग की."

हौसाक्काचा हात उठला. मी सामान खाली ठेवून बघत राहिलो, कारण आता काय होणार हे मला पाठ होतं. ड्रायव्हर हसतच होता, त्याला काही कल्पना नव्हती. पण त्याच्या पलीकडे, जिच्यावर हात उठलाच नव्हता त्या मंगलचं कोपर आपोआप वर गेलं आणि डोकं त्याच्याखाली आलं. डबा पडला, बल्ब जमिनीवर विखुरले.

हौसाक्काने ते पाहिलं. उठलेला हात तसाच वर राहिला. इतका वेळ राहिला की ड्रायव्हरचं हसू ओसरलं. मग तो हात सावकाश खाली आला आणि तिला त्याचं काय करावं सुचेना. तिने त्याच हाताने पदर सारखा केला. खाली बसली. मंगलच्या पायांशी सांडलेले बल्ब एकेक करून वेचायला लागली.

"मी येचू का गं?" मंगलने विचारलं, कोपर अजून वरच होतं.

"ऱ्हाऊ दे," हौसाक्का म्हणाली. "मी गोळा करते. तू हात खाली घे."